पोटाच्या कॅन्सरचा आयएचसी रिपोर्ट: यातल्या कुठल्या प्रथिनावरून नेमकं काय कळतं?

काटोलनाका (धागाकर्ता)

मंडळी, घरचं प्रकरण आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मामा, वय ६१, काटोलकडे संत्र्याची बाग. बरेच महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढले. जेवण जाईना, वजन उतरलं, तेव्हा कुठे धंतोलीत एंडोस्कोपी केली. जठराच्या खालच्या भागात गाठ निघाली. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर), इंटेस्टिनल टाइप. सीटीत यकृतावर डाग दिसले, म्हणजे चौथी स्टेज. आत्ता ऑपरेशन नाही असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. मग आयएचसीचा (गाठीच्या तुकड्यातली प्रथिनं रंगवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आला, तो असा:

हर-टू: २+ (इक्विव्होकल)
एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६: चारही रिटेन्ड
पीडी-एल१, सीपीएस: ३
केआय-६७: ६० टक्के

ऑन्कॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. तोवर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक जण डॉक्टर झालाय. एकाने बातमी टाकली की आता एका प्रथिनावरून पेशंट किती जगेल ते सांगता येतं. दुसऱ्याच्या ओळखीतला कोणीतरी मोठं 'पॅनल' (एकदम खूप तपासण्यांचा संच) करून घ्या म्हणून मागे लागलाय, रक्कम ऐकून मामी गप्प झाली. आणि मामेभावाने केआय-६७ चा अर्थ 'साठ टक्के कॅन्सर पसरला' असा लावला, मग घरात रडारड.

माझा प्रश्न एवढाच: यातल्या कुठल्या ओळीवर उपचार ठरतो, आणि कुठली ओळ नुसती वाचून सोडून द्यायची?

तर्रीपोहे

भाऊ, वाचून वाईट वाटलं. मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) दाखवलं का? नाहीतर जामठ्याला एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. नागपुरात आता सगळं होऊन राहिलं, मुंबईला पळायची घाई करू नका. रिपोर्टचं जाणकार सांगतीलच.

स्लाइडमागून

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरातच. तुमचा रिपोर्ट किंवा स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे उपचाराचं तुमचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. पण या चार ओळी कशा वाचायच्या ते सांगतो.

आधी केआय-६७, कारण त्यावरून रडारड झाली. गाठीतल्या शंभर पेशी मोजल्या तर त्या क्षणी किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. पसरण्याशी त्याचा काही संबंध नाही. जठराच्या ॲडिनोकार्सिनोमात त्यावरून औषध ठरत नाही. भविष्य सांगण्यासाठी त्याचा उपयोग होतो का, याचे अभ्यासही उलटसुलट आहेत. मामेभावाला सांगा, ती ओळ सोडून दे.

आता मुख्य गोष्ट. गाठीतल्या प्रथिनाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला: कुठलाही उपचार दिला तरी या माणसाचा आजार सौम्य जाईल की आक्रमक? दुसरा: हे अमुक औषध या माणसाला लागू पडेल का? बातम्यांतली बहुतेक प्रथिनं पहिल्या प्रश्नाची असतात. दवाखान्यात कामाला येतात ती दुसऱ्या प्रश्नाची. तुमच्या मामांना आज दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय.

तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ हर-टू. हे पेशीच्या आवरणावर बसणारं प्रथिन, पेशीला 'वाढ' असा संदेश देणारं. काही गाठींत त्याच्या जीनच्या प्रती भरमसाट वाढलेल्या असतात. २०१० साली 'टोगा' नावाच्या औषध-चाचणीचे निष्कर्ष आले. हर-टू पॉझिटिव्ह ५९४ रुग्ण होते; नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य ११.१ महिने, केमोसोबत ट्रास्टुझुमॅब (हर-टूला अडवणारं औषध) दिल्यावर १३.८. ज्यांच्यात हे प्रथिन खरोखर भरपूर होतं (३+, किंवा २+ आणि फिश या जीनच्या तपासणीत पॉझिटिव्ह) त्यांच्यात ११.८ वरून १६. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, हेही घरच्यांना सांगा. तो कुणाच्या कपाळावर लिहिलेला आकडा नाही.

२+ म्हणजे ना हो, ना नाही. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ आलं की त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर) फिश करावीच लागते. ती झाली आहे का? नसेल तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, आजच लॅबला फोन करा. ऑन्कॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत तेच विचारणार आहेत.

चारही एमएमआर प्रथिनं (एमएलएच१ ते एमएसएच६) रिटेन्ड, म्हणजे डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे. सीपीएसचं नंतर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

काटोलनाका

डॉक्टरसाहेब, खूप खूप आभार. फिश झालेली नाही. आत्ताच फोन केला. ब्लॉक त्यांच्याकडे आहे, पण फिशसाठी बाहेर पाठवावा लागेल म्हणाले. मामेभावाला तुमचा केआय-६७ चा परिच्छेद वाचून दाखवला.

तर्रीपोहे

पण डॉक्टरसाहेब, एक समजलं नाही. हर-टू तर ब्रेस्ट कॅन्सरचं ना? माझ्या मावशीच्या रिपोर्टात होतं. पोटात कुठून आलं? आणि इतकी प्रथिनं सापडून राहिली रोज पेपरात, तर औषधं फक्त दोन-चारच काहून?

स्लाइडमागून

प्रथिन तेच, पण वाचायची रीत वेगळी. स्लाइडवर हर-टू असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकी निळं राहतं. ब्रेस्टमध्ये पेशीच्या चारी बाजूंनी सलग तपकिरी रेघ शोधतात. जठराची पेशी उभट असते, आणि तिच्या पोकळीकडच्या टोकाला हर-टू बहुधा रंगत नाही. तळाला आणि दोन्ही कडांना तपकिरी रेघ उमटते, वरचं तोंड मोकळं राहतं. ब्रेस्टचा नियम लावला तर अशी पॉझिटिव्ह गाठ 'अपुरी' म्हणून निगेटिव्हमध्ये जाईल. त्यामुळे जठरासाठी गुणांकनाचे नियम वेगळे केले आहेत.

दुसरी भानगड म्हणजे सारखेपणा नसतो. एकाच स्लाइडवर बायोप्सीचे सहा तुकडे असतात; दोनांत तपकिरी झगझगीत, बाकी चार निळेशार. एंडोस्कोपीत दोनच तुकडे घेतले आणि ते नेमके निळ्या भागातले निघाले, तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून गाठीतून सहा ते आठ तुकडे घ्या असं सांगतात. २+ किंवा निगेटिव्ह रिपोर्ट आला की 'तुकडे किती होते, त्यात गाठ किती होती' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर दोन उदाहरणं देतो.

मेट नावाचं एक प्रथिन आहे. ज्या जठराच्या गाठींत ते जास्त, त्यांचं बरं नसतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं. साहजिकच वाटलं, मेट अडवा म्हणजे झालं. रिलोटुमुमॅब आणि ओनार्टुझुमॅब अशी दोन औषधं मोठ्या चाचण्यांत उतरवली. २०१७ मध्ये दोन्हींचे निकाल छापून आले: फायदा नाही. रिलोटुमुमॅबची चाचणी तर औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. ईजीएफआर या आणखी एका प्रथिनाचंही तेच. आतड्याच्या कॅन्सरात त्यावरची औषधं चालतात, जठरात २०१३ मध्ये दोन्ही मोठ्या चाचण्या फसल्या. पॅनिट्युमुमॅबच्या चाचणीत तर औषध घेणारे ८.८ महिने आणि न घेणारे ११.३ महिने, असा उलटा हिशोब निघाला.

आणि गंमत पाहा, हर-टू असल्याने जठराचा आजार जास्त वाईट जातो का, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. म्हणजे भविष्य सांगायला कच्चं, पण औषध निवडायला पक्कं. मेटचं बरोबर उलट. भविष्य सांगणारं प्रथिन सापडणं आणि त्यावर उपचार सापडणं यात एवढं अंतर आहे.

निवृत्त_सांख्यिकी

विद्यापीठात आयुष्यभर हेच शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

'या प्रथिनावरून आयुष्य कळतं' असा शोधनिबंध कसा तयार होतो ते सांगतो. रुग्णालयाच्या कपाटातून जुने शे-दीडशे ब्लॉक काढतात. एक प्रथिन रंगवतात. 'जास्त' आणि 'कमी' असे दोन गट पाडतात, दोघांच्या जगण्याच्या रेघा काढतात आणि रेघांत फट दिसली की निबंध छापतात. गोम आहे ती 'जास्त' म्हणजे किती यात. दहा टक्क्यांवर फट दिसली नाही तर वीसवर बघायचं, वीसवर नाही तर पस्तीसवर. कोण किती जगलं हे आधीच माहीत असताना सीमारेषा ठरवणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसणं; छत्तीस गुण जुळणारच.

दुसरं, ज्यात फट दिसली नाही ते निबंध कपाटातच राहतात. तिसरं, स्टेज लक्षात घेतली की बऱ्याच प्रथिनांची जादू संपते, कारण प्रथिन जास्त असलेले रुग्णच पुढच्या स्टेजचे असतात. हे थांबावं म्हणून २००५ मध्ये 'रिमार्क' नावाची नियमावली आली: सीमारेषा कशी ठरवली, रुग्ण कसे निवडले, स्टेजचा हिशोब धरला का, सगळं लिहा. ती किती जण पाळतात ते विचारू नका.

बातमी वाचताना एकच बघा: दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या रुग्णांवर, आधीच ठरवलेल्या सीमारेषेने तोच निष्कर्ष पुन्हा आला का? तसा उल्लेख नसेल तर ती बातमी संशोधकांसाठी आहे, तुमच्या मामांसाठी नाही.

मिहानची_लेक

सर, पत्रिकेचं उदाहरण एकदम पटलं.

काटोलनाका दादा, आईच्या वेळी आम्ही यातून गेलोय. आईचं ३+ होतं, केमो आणि ट्रास्टुझुमॅबवर बरेच महिने छान गेले. आजार पुन्हा वाढला तेव्हा डॉक्टरांनी परत बायोप्सी सांगितली. मी चिडले होते, म्हटलं एकदा हर-टू आहे म्हणजे आहे, आईला कशाला पुन्हा त्रास? तेव्हा कळलं की या औषधानंतर बऱ्याच रुग्णांच्या गाठीतून ते प्रथिन नाहीसं होतं आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं.

ब्लॉकची मात्र स्वतः काळजी घ्या. आमचा ब्लॉक एका लॅबमध्ये, स्लाइड दुसरीकडे, आणि 'पाठवला, पाठवला' म्हणत प्रत्यक्षात ड्रॉवरमध्ये पडलेला. मी जाऊन बसले तेव्हा मिळाला. ब्लॉकचा नंबर लिहून ठेवा, देताना-घेताना पावती घ्या.

स्लाइडमागून

मिहानची_लेक, अगदी बरोबर. ब्लॉक रुग्णाचा आहे, मागायला संकोच करू नका. त्यात आणखी थोडी भर.

ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, खाली प्लॅस्टिकची नंबर घातलेली कॅसेट. त्यातून तीन-चार मायक्रॉनचे काप काढून स्लाइड करतात. न रंगवलेले काप काचेवर पडून राहिले तर काही प्रथिनांचं रंगणं फिकं होत जातं, म्हणून जुन्या स्लाइडपेक्षा ब्लॉकच पाठवा. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका. हे मेण साठ अंशांच्या आत-बाहेर वितळतं आणि नागपूरचं ऊन तेवढं काम सहज करतं. हसू नका, पाहिलंय.

पण खरं नुकसान त्याआधी होतं. तालुक्याच्या गावाहून नातेवाईक बायोप्सी पिशवीत घेऊन एसटीने येतात आणि तुकडे असतात सलाइनमध्ये. सलाइनमध्ये ऊती टिकत नाही, प्रथिनं विरघळू लागतात. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनच हवं, तेही तुकड्याच्या दहापट तरी, आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर. यात गडबड झाली की पुढे जगातलं सर्वोत्तम यंत्र आणलं तरी रिपोर्ट खोटा निघू शकतो. लोक नव्या मार्करच्या मागे धावतात; माझं म्हणणं, आधी डबीत काय ओतलंय ते बघा.

आता सीपीएस. पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून गाठ रोगप्रतिकारक पेशींना थोपवून धरते. जठरात गाठीच्या पेशी आणि आजूबाजूच्या लिम्फोसाइट, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी अशा सगळ्या रंगलेल्या पेशी मोजतात, त्यांना गाठीच्या एकूण पेशींनी भागतात आणि शंभराने गुणतात. म्हणून सीपीएस ३ ला टक्के म्हणत नाहीत. हर-टू निगेटिव्ह रुग्णांत केमोसोबत निव्होलुमॅब (हा अडथळा काढणारं इम्युनोथेरपीचं औषध) दिलं तेव्हा सीपीएस ५ किंवा जास्त असणाऱ्यांत मध्यक आयुष्य ११.१ वरून १४.४ महिने झालं, चेकमेट ६४९ ही चाचणी, २०२१. पण याच आकड्यावर दोन पॅथॉलॉजिस्टचं जुळेलच असं नाही. एकाने ३ म्हटलं, दुसऱ्याने ५, असं होतं. रंगवायची अभिकर्मकंही वेगवेगळी. त्यामुळे या ओळीकडे लक्ष्मणरेषा म्हणून बघू नका.

तर्रीपोहे

मग ते एमएमआर 'रिटेन्ड' आलं हे चांगलं झालं की वाईट?

स्लाइडमागून

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर लोकांना उलटं वाटतं. जठरात ही प्रथिनं हरवलेली असणं हे बऱ्याचदा चांगलं लक्षण. ऑपरेशन होऊ शकलेल्या रुग्णांच्या चार चाचण्या एकत्र करून १५५६ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये छापला गेला. ज्यांच्यात ही दुरुस्ती यंत्रणा बिघडलेली, म्हणजे एमएसआय-हाय, ते ८ टक्क्यांच्या आसपास. त्यांच्यात पाच वर्षं जगणारे ७७.५ टक्के, बाकीच्यांत ५९.३. शिवाय त्या गटाला केमोचा फायदा दिसला नाही, आणि प्रगत आजारात इम्युनोथेरपी मात्र उत्तम लागू पडते. म्हणजे या चार प्रथिनांवरून भविष्यही कळतं, औषधही कळतं. दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारी अशी उदाहरणं फार थोडी.

मामांच्यात ती शाबूत आहेत म्हणजे ते बहुसंख्यांच्या गटात. वाईट बातमी नाही, फक्त तो एक रस्ता नाही.

काटोलनाका

त्या पॅनलवाल्याचा परत फोन आला. 'रक्तातल्या प्रोटीनवरून सगळं कळतं, बायोप्सीपेक्षा सरस' म्हणतोय. शिवाय सीईए आणि सीए १९-९ दर आठवड्याला करा म्हणतोय. काय करू?

मिहानची_लेक

दादा, त्याला एकच विचारा: यातला कुठला रिझल्ट आला तर डॉक्टर औषध बदलतील? आम्ही विचारलं होतं, परत फोन आला नाही.

स्लाइडमागून

प्रश्न बरोबर विचारायला सांगितलाय. सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ ही रक्तातली प्रथिनं निरुपयोगी नाहीत. सुरुवातीला वाढलेली असतील तर उपचार चालू असताना खाली येतात का ते बघायला डॉक्टर वापरतात, सीटीच्या जोडीला. पण दर आठवड्याला करून फक्त झोप उडेल. सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए तसंही थोडं वर असतं. पित्तनलिका अडली, कावीळ झाली की सीए १९-९ कॅन्सर नसतानाही चढतं. आणि ल्युईस रक्तगट निगेटिव्ह असलेल्या लोकांत ते तयारच होत नाही, गाठ कितीही मोठी असो.

जीन पॅनलचा उपयोग काही रुग्णांत, विशेषतः पुढच्या टप्प्यावर असतो. ते ऑन्कॉलॉजिस्टने लिहून दिलं तर करा. फोनवर कोणी विकत असेल तर नाही.

सेवाग्राम_फाटा

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. ट्रास्टुझुमॅबची देशी बायोसिमिलर २०१४ पासून मिळतात, त्यामुळे मूळ कंपनीच्या औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार येतात. तुमच्या मामांना कुठलं औषध मंजूर होईल ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. दवाखान्याच्या समाजसेवकालाही भेटा, ते लोक खरंच मदत करतात.

काटोलनाका

अपडेट. फिशचा रिपोर्ट आला. हर-टू आणि सीईपी-१७ चं गुणोत्तर ३.४, खाली 'ॲम्प्लिफाइड' लिहिलंय. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले पॉझिटिव्ह धरायचं, केमोसोबत ट्रास्टुझुमॅब सुरू करू. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचंही बोलले, पण खर्च मोठा, घरी विचार करून सांगा म्हणाले. आधी टू-डी इको करायला सांगितलाय. ते कशासाठी? मामांना हृदयाचा त्रास कधीच नव्हता. आणि क्लॉडिन नावाचं आणखी एक प्रथिन आहे म्हणे, ते का नाही केलं असं मामेभाऊ विचारतोय.

स्लाइडमागून

फिशमध्ये हर-टूच्या जीनच्या प्रती सतराव्या गुणसूत्राच्या खुणेशी (सीईपी-१७) ताडतात; 'ॲम्प्लिफाइड' म्हणजे त्या वाढलेल्या. गुणोत्तर २ किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, तेव्हा ३.४ मध्ये संदिग्ध काही नाही.

इको यासाठी की हर-टू हृदयाच्या स्नायूंतही काम करतं. ट्रास्टुझुमॅबने काही जणांत हृदयाची पंपिंग कमी होते, बहुतेकांत औषध थांबवल्यावर सुधारते. म्हणून सुरुवातीला एकदा आणि मग ठरावीक अंतराने इको. त्रास नसला तरी पहिला आकडा हाताशी हवाच.

पेम्ब्रोलिझुमॅब जोडण्याचा फायदा सीपीएस १ किंवा जास्त असलेल्यांत दिसलाय, मामा त्यात बसतात. परवडत असेल तर विचार करण्याजोगं आहे. शेती गहाण ठेवून नाही, हे माझं वैयक्तिक मत. ट्रास्टुझुमॅब आणि केमो हा पाया त्याशिवायही भक्कम आहे.

क्लॉडिन १८.२ वरचं झोल्बेटुक्सिमॅब हे औषध नवीन, २०२३ मध्ये त्याच्या मोठ्या चाचण्या आल्या. स्पॉटलाइट चाचणीत मध्यक आयुष्य १५.५ वरून १८.२ महिने झालं, पण त्यात घेतले होते हर-टू निगेटिव्ह रुग्ण, ज्यांच्या गाठीतल्या ७५ टक्के किंवा जास्त पेशी क्लॉडिनने ठळक रंगल्या होत्या. मामा हर-टू पॉझिटिव्ह, त्यामुळे आत्ता ते न करणं योग्यच. ब्लॉकमधली ऊती तशीच राहू द्या, पुढे लागू शकते.

काटोलनाका

समजलं. इको उद्या सकाळी आहे. ब्लॉक फिशच्या लॅबकडून परत घेतला, पावतीसकट, मामीच्या कपाटात ठेवलाय. गाडीत नाही.